घराची तपासणी : विसार देण्याआधी या चुका टाळा

नाशिकमध्ये घर घ्यायचं ठरलं की वकील ३० वर्षांच्या मालकीचा सर्च रिपोर्ट काढतो, वास्तूवाला होकायंत्र घेऊन फिरतो आणि बँकेचा व्हॅल्युअर चार फोटो काढून जातो. घेणाऱ्याला वाटतं, झाली तपासणी. पण बाथरूमखालचा स्लॅब यांपैकी कुणीच पाहिलेला नसतो. व्हॅल्युअर बँकेसाठी किंमत काढतो, घर गळतंय का हे बघणं त्याचं काम नाही.

आधी विसार, मग तपासणी

विसार दिल्यावर दोष निघाला तर भाव कमी करून मागायला जोर उरत नाही. म्हणून इंजिनिअरला विसाराआधी न्या. घाई असेल तर विसार पावतीतच लिहून घ्या, की गळती, स्लॅब किंवा वायरिंगचा मोठा दोष निघाल्यास विक्रेता दुरुस्ती करून देईल, नाहीतर विसार परत करेल. 'एवढं कोणी लिहीत नाही,' असं एजंट म्हणेल. तरी लिहा.

उन्हाळ्यात, ताज्या रंगातलं घर पाहणं

आपल्याकडे पाऊस जून ते सप्टेंबर, आणि व्यवहार पाडवा-अक्षय्य तृतीयेला. तोवर भिंती सुकलेल्या असतात, वर रंगाचा हातही फिरलेला असतो. पावसाळ्यात एक चक्कर मारता आली तर उत्तमच. नाहीतर टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून तिरपा उजेड टाका. पुट्टीची ठिगळं, फुगवटे, पोपडे काढून घासलेली जागा सावलीमुळे लगेच उठून दिसते. कपाट आणि पलंगामागची भिंत सोडू नका. खोलीतली एकच भिंत नव्याने रंगवलेली असेल तर का, ते विचारा.

ओल कुठे आहे त्यावरून कारण बरंचसं कळतं. तळमजल्यावर जमिनीपासून कमरेपर्यंत पट्टा आणि त्यावर पांढरा शोरा (क्षार) दिसला तर ओल जोत्यातून चढतेय. छताच्या कोपऱ्यात असेल तर टेरेसचा कोबा (वरचा सिमेंटचा थर) किंवा कठड्याजवळचा वाटा (कोपऱ्यातली गोलसर भर) फुटलाय. खिडकीच्या खाली असेल तर सिलचा (खिडकीखालच्या पट्टीचा) उतार आत आलाय, किंवा फ्रेमभोवतीचं सीलंट गेलंय. पावसाचा मारा पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून येतो, म्हणून त्या बाजूच्या भिंती आधी. पीओपीचं छत असेल तर परवानगी घेऊन एखादा लाइट खाली उतरवा आणि त्या भोकातून वरचा स्लॅब टॉर्चने पाहा. सगळ्यात वरच्या मजल्याच्या फ्लॅटमध्ये तर हे टाळूच नका.

नळ सोडून पाहिले की बाथरूम तपासलं, असं समजणं

नळाची धार चांगली म्हणजे पाइप मोकळा, इतकंच. गळतीची परीक्षा पाणी साठवूनच होते, आणि ती एकेक करून घ्यायची. सगळं एकदम केलं तर दोष कुठला ते कळत नाही.

१. खालच्या फ्लॅटमध्ये जाऊन बाथरूमचं छत पाहा. ओल असेल तर तिच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा आणि फोटो घ्या. (खालच्या काकूंशी पाच मिनिटं बोललात तर एजंटने न सांगितलेलंही कळतं.)

२. नहाणी ट्रॅप (पाणी जाण्याची जाळी) चिंधी भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीने घट्ट बंद करा. उंबऱ्याच्या खाली राहील इतकंच, साधारण दीड-दोन इंच पाणी भरा आणि पातळीवर खूण करा.

३. २४ ते ४८ तास तसंच ठेवा. खाली ओल रेघेबाहेर सरकली तर वॉटरप्रूफिंग किंवा ट्रॅपभोवतीचा सांधा गेलाय.

४. खाली काही दिसलं नाही तर पाणी सोडून द्या आणि शॉवर २० मिनिटं थेट भिंतीवर मारा. आता ओल आली तर टाइल्समधलं ग्राउट (फटींतला भराव) किंवा भिंतीतला पाइप.

५. शेवटी घरातले सगळे नळ बंद करून पाण्याचा मीटर बघा. काटा फिरत असेल तर दाबाचा पाइप कुठेतरी गळतोय.

यात दोन-तीन दिवस जातात आणि विक्रेत्याची कुरकुर होते. पण बाथरूम फोडून वॉटरप्रूफिंग करायचं तर टाइल्स, कोबा, प्लंबिंग सगळंच नव्याने येतं, शिवाय खालच्याचं छतही रंगवून द्यावं लागतं.

प्रत्येक भेगेला घाबरणं, किंवा कुठल्याच नाही

कॉलम आणि विटांची भिंत जिथे मिळतात तिथली सरळ उभी भेग बहुतेक वेळा प्लास्टरची असते. सांध्यावर चिकन मेश (प्लास्टरखालची तारेची जाळी) लावलेली नसते, म्हणून ती पडते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना दिसणारी भेग वेगळी. एटीएम कार्डाची जाडी साधारण पाऊण मिलिमीटर असते. त्याची कड भेगेत सहज शिरली तर स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवायचाच.

काळ्या मातीवरच्या बंगल्यांत आणि रो-हाऊसमध्ये अशा भेगा जास्त दिसतात. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया मुरूम किंवा खडकापर्यंत नेलेला नसला की घर वर्षातून एकदा उचललं जातं आणि एकदा बसतं. उन्हाळ्यात सहज लागणारा दरवाजा पावसाळ्यात घासतो, तो लाकूड फुगल्यामुळेच असं धरून चालू नका. चौकट सरळ उभी आहे का, ते ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) लावून पाहा.

स्लॅबच्या खालच्या बाजूला सळईच्या रेषेत तपकिरी डाग किंवा भेग असेल तर दांडक्याने हलके ठोका. पोकळ आवाज आला म्हणजे सळई गंजून फुगली आहे आणि काँक्रीटचा थर सुटला आहे. त्यावर प्लास्टर करून देतो म्हणणाऱ्याला हो म्हणू नका. इमारत ३० वर्षांपुढची असेल तर महापालिका कायद्याप्रमाणे स्ट्रक्चरल ऑडिट लागतं; सोसायटीकडे त्याचा अहवाल मागा.

पुराचा प्रश्न न विचारणं

गोदावरी आणि नासर्डीच्या काठची घरं स्वस्त मिळाली तर आधी निळी (नेहमीच्या मोठ्या पुराची) आणि लाल (क्वचित येणाऱ्या फार मोठ्या पुराची) पूररेषा कुठून जाते ते महापालिकेच्या नकाशावर पाहा. २००८, २०१६ आणि २०१९ साली पाणी कुठवर आलं होतं, ते समोरच्या दुकानदाराला विचारा. पार्किंगमधल्या मीटर बॉक्सची उंचीही बघा. तो मुद्दाम वर सरकवलेला असेल तर कारण असणार.

वायरिंगचं काम थोडक्यात होतं. आरसीसीबीचं (करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचचं) टेस्टचं बटण दाबलं की तो पडलाच पाहिजे. मल्टिमीटरवर फेज-न्यूट्रल २३० व्होल्टच्या आसपास, फेज-अर्थिंग जवळजवळ तेवढंच. दुसरा आकडा शून्याकडे किंवा खूप कमी असेल तर थ्री-पिनचं तिसरं भोक नुसतं शोभेला आहे.

नकाशा आणि घर जुळवून न पाहणं

मंजूर नकाशा हातात घेऊन टेपने मापं घ्या. बंद केलेली बाल्कनी, साइड मार्जिनमध्ये (इमारतीच्या बाजूला मोकळ्या सोडायच्या जागेत) काढलेलं किचन, सिडको वसाहतीतल्या मूळ घरावर चढवलेले मजले हे सगळं नकाशात आहे का? वाढीव मजल्यांत प्रश्न निव्वळ परवानगीचा नसतो, खालचा पाया तेवढ्या वजनासाठी घातला होता का हाही असतो. भोगवटा प्रमाणपत्र (राहायला परवानगी देणारा महापालिकेचा दाखला) नसेल तर तिथेच थांबा.

विकणाऱ्यांची चूक : रंग मारून झाकणं

घेणाऱ्याला साध्या तपासणीत सापडणार नाही असा मोठा दोष विक्रेत्याला माहीत असेल तर तो सांगणं १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ नुसार त्याच्यावर बंधनकारक आहे. रंगापेक्षा आधी गळती काढा. वॉटरप्रूफिंगचं बिल, वॉरंटी आणि काम चालू असतानाचे फोटो जपून ठेवा. असं बिल दाखवलं की घासाघीस कमी होते.

नव्या फ्लॅटमध्ये आधी सही, मग पाहणी

'सर्व काम समाधानकारक' असं छापलेल्या ताबा पावतीवर सही करण्याआधी खोलीनिहाय दोषांची यादी करून तिच्यावर बिल्डरची पोच घ्या. टाइल्स नाण्याने ठोकून पोकळ आहेत त्यांवर खडूने खूण करा. रेरा (घर घेणाऱ्यांचं संरक्षण करणाऱ्या) कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा दोष निघाला आणि तुम्ही तो कळवलात, तर बिल्डरला ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करावा लागतो. तक्रार साइट सुपरवायझरला फोनवर सांगून भागत नाही. ईमेल किंवा रजिस्टर्ड पोस्टाने, तारीख आणि फोटोंसह पाठवा.