पन्नाशीनंतर डोंगरातली अल्ट्रा: तयारी उतारापासून सुरू करा

चार वर्षांपूर्वी सरावासाठी तोरण्यावर गेले होते. उंची १४०३ मीटर. चढताना दम लागला, पण पाय शाबूत होते. उतरायला लागले आणि अर्ध्या वाटेत मांड्या थरथरू लागल्या. पोटात अन्न होतं, अंगात ताकद होती, दिवसही पुष्कळ उरला होता. फक्त गुडघा वाकवला की मांडी वजन पेलायला तयार नव्हती. शेवटचा तास मी अंग एका बाजूला वळवून, एकेका दगडाला हात लावत उतरले. तेव्हा मी त्रेपन्न वर्षांची होते आणि त्याआधीचे सहा महिने फोंड्याहून पणजीला येऊन मिरामारच्या सपाट रस्त्यावर किलोमीटर जमवत होते. त्या वर्षी अल्ट्रातून, म्हणजे मॅरेथॉनहून लांब शर्यतीतून, नाव मागे घेतलं. पुढच्या वर्षी सराव उलटा मांडला, आणि तोच इथे सांगते आहे.

पन्नाशी उलटलेल्या माणसाला वाटतं की आपली अडचण दमाची आहे. दम वयानुसार कमी होतो हे खरं. पण डोंगरातल्या शर्यतीत तीव्र चढ जवळजवळ सगळेच चालत चढतात, आणि नेटाने चालणं आपल्या वयाला उत्तम जमतं. घात होतो तो उतारावर. उतरताना मांडीचा स्नायू ब्रेकसारखा काम करतो. ताणला जात असतानाच त्याला आकसूनही धरावं लागतं. त्यात स्नायूतंतूंना बारीक इजा होते. भरीला तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो.

दिलासा देणारी बाब अशी की हा स्नायू शिकतो. एकदा उतरणीचा मार बसला की पुढचे काही आठवडे तेवढाच मार पुष्कळ कमी लागतो. इटलीचा मार्को ओल्मो माँ ब्लाँ डोंगराभोवतीची दीडशे किलोमीटरहून लांब शर्यत २००६ आणि २००७ अशी लागोपाठ दोनदा जिंकला, तेव्हा तो सत्तावन्न आणि अठ्ठावन्न वर्षांचा होता. आपल्याला जिंकायचं नाही, वेळेत आणि धड पायांनी पोचायचं आहे.

आधी डॉक्टरांकडे

ईसीजी, ट्रेडमिलवरची ताण चाचणी, रक्तदाब, साखर, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व एवढं तपासून घ्या. पाळी गेलेल्या बायकांनी हाडांची घनता पाहणारी डेक्सा चाचणी टाळू नये. ठिसूळ हाडांवर उतरणीचे धक्के घेणं धोक्याचं आहे. चालू औषधं डॉक्टरांना दाखवा. रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडी वाढूच देत नाहीत, मग मनगटावरच्या घड्याळातल्या आकड्याला अर्थ उरत नाही. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या असतील तर गोव्याच्या घामात शरीर लवकर कोरडं पडतं. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी कुणाकुणाचे स्नायू दुखतात. एकही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, फक्त प्रश्न विचारा.

शर्यत निवडा आणि मागे मोजा

४२.१९५ किलोमीटरपेक्षा लांब ती अल्ट्रा. पहिल्यांदा ५० किलोमीटरच्या पुढे जाऊ नका. अंतराइतकाच एकूण चढ किती आहे ते पाहा. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक सोपा हिशेब सांगितला: चालताना दर ५ किलोमीटरला एक तास, वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे ५० किलोमीटर आणि २००० मीटर चढ असेल तर दहा तास अधिक तीन तास वीस मिनिटं. शर्यतीची कमाल वेळ याहून कमी असली, तर सपाट भागात आणि उतारावर थोडं धावावं लागेल, हे आधीच कळतं.

सह्याद्रीतली डिसेंबरची शर्यत गोव्यातल्यांना सोयीची. जुलैत सुरुवात केली की जवळपास चोवीस आठवडे मिळतात. मात्र सुरू करण्याआधी आठवड्यातून चार दिवस प्रत्येकी तासभर न दुखता चालता-पळता यायला हवं. नसेल जमत तर एक वर्ष थांबा.

जुलै ते चवथ (गणेश चतुर्थी): घरातली पायरी

पावसात चिऱ्यांच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि डोंगरातल्या वाटा निसरड्या होतात. या दोन-अडीच महिन्यांत डोंगर घरातच करायचा.

जिन्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर तोंड उताराकडे करून उभं राहा. एक हात कठड्याजवळ, पण धरायचा नाही. डावा पाय हवेत पुढे सोडा आणि उजव्या गुडघ्यावर सावकाश खाली जा. तीन आकडे मोजून टाच जमिनीला जेमतेम टेकवा, वजन टाकू नका, आणि परत वर या. सगळं लक्ष उजव्या गुडघ्यावर ठेवा. तो अंगठ्याच्या आत वळत असेल तर कमरेच्या बाजूचा स्नायू कच्चा आहे. आरशासमोर करा, गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहू द्या. दोन्ही पायांनी आठ-आठ वेळा, असे तीन फेरे, आठवड्यातून दोनदा. महिन्याभराने पाठीवर तांदळाची पाच किलोची पिशवी घ्या. हा एकच व्यायाम करायला वेळ असेल तर हाच करा. माझे गुडघे यानेच वाचवले.

जोडीला बैठका, टाचा उचलणं (एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा वाकवून, कारण पोटरीत दोन वेगळे स्नायू आहेत), आणि दात घासताना एका पायावर उभं राहणं. तोल वयाबरोबर जातो आणि सरावाने परत येतो.

बाकीचे दिवस बोलता येईल एवढ्या वेगाने पळा. आकडाच हवा असेल तर २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करा; सत्तावन्नाव्या वर्षी कमाल नाडी साधारण १६८ येते. रोजचं पळणं तिच्या तीन चतुर्थांशाच्या, म्हणजे १२६ च्या आत ठेवा. पण आकडा आणि शरीर यांचं जमलं नाही तर शरीराचं ऐका. पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे.

चवथीचा आठवडा विश्रांतीचा. माटोळी बांधायची, नेवऱ्या खायच्या, पाहुण्यांकडे जायचं. या वयात दर तीन आठवड्यांनी एक हलका आठवडा लागतोच. तो सणाला जोडला तर घरचेही खूश राहतात.

चवथीनंतर: उतार मोजायचा

आता वहीत किलोमीटरऐवजी उतरलेले मीटर लिहा. पारोड्याचा चंद्रनाथ डोंगर साधारण ३५० मीटर उंचीचा आहे आणि वर देवळापर्यंत रस्ता जातो. आमच्यासाठी यासारखी शाळा नाही. पहाटे जावं, चालत चढावं, हळू पळत उतरावं, वर भूतनाथाला हात जोडावेत. पणजीत राहणाऱ्यांनी आल्तिनोचे चढ-उतार धरावेत, फोंडेकरांनी फर्मागुडीचा.

पहिल्या आठवड्यात एकूण ३०० मीटर उतरा. दर आठवड्याला सातव्या-आठव्या हिश्शाहून जास्त वाढवू नका. नोव्हेंबरमध्ये एका दिवसात ८०० ते १००० मीटर उतरणं जमलं की पहिल्या अल्ट्रापुरती तयारी झाली. एवढ्या लांब उतारासाठी अंजुणे धरणाकडून चोर्ले घाट वर-खाली करता येतो. घाटात ट्रक असतात, म्हणून उजाडल्यावर लगेच जावं, समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने चालावं, चमकणारं जाकीट घालावं आणि घाटमाथ्यावर कुणाला तरी गाडी घेऊन उभं करावं.

उतरताना पावलं लहान आणि पटापट टाका. गुडघे नेहमी थोडे वाकलेले ठेवा. घाबरून मागे रेलू नका; मागे रेललं की टाच पुढे आपटते आणि तिथेच पाय घसरतो. नजर तीन-चार मीटर पुढे असू द्या. हात पंखांसारखे जरा बाजूला. आणि पाऊल पडल्याचा आवाज ऐका: धप् धप् वाजत असेल तर मांडी थकली आहे, तेव्हा चालायला लागा. ट्रेकिंगच्या दोन काठ्या घ्यायला अजिबात संकोच करू नका, पण शर्यतीत त्यांना परवानगी आहे का ते आधी वाचा.

चष्मा

याबद्दल सहसा कुणी सांगत नाही. आपल्या वयाच्या अनेकांचा चष्मा दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह असतो. त्याचा खालचा भाग वाचण्यासाठी असतो, म्हणून उतरताना खाली पाहिलं की पावलापुढचा दगड धूसर दिसतो. मी याच कारणाने ओल्या चिऱ्यावर पडले आणि दोन्ही तळहात सोलून घेतले. पळण्यासाठी फक्त लांबचा नंबर असलेला वेगळा, पट्टा लावलेला चष्मा करून घ्या. मोतीबिंदू सुरू झाला असेल तर अंधारात विजेरीचा उजेड फाकतो, हेही तपासा. डोक्यावरच्या विजेरीबरोबर दुसरी कमरेला बांधली की दगडांच्या सावल्या नीट दिसतात आणि खोली कळते.

दहा दिवसांचा आठवडा

तरुणांचं सात दिवसांचं वेळापत्रक आपल्याला झेपत नाही, कारण पेशींची दुरुस्ती सावकाश होते. मी दहा दिवसांचं चक्र धरते: एक लांब चाल-पळ, एक उताराचा दिवस, दोन दिवस पायरीचा व्यायाम, तीन दिवस सोपं पळणं, तीन दिवस पूर्ण सुट्टी. उताराचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं, म्हणून पहिल्या दिवशी बरं वाटलं तरी जोर करू नका. सकाळी उठल्या उठल्या नाडी मोजा. नेहमीपेक्षा सात-आठने जास्त असेल तर सुट्टी.

दुरुस्तीला प्रथिनं लागतात आणि उतारवयात ती तरुणांपेक्षा जास्त लागतात. वजनाच्या दर किलोला रोज १.२ ते १.६ ग्रॅम धरा; पंचावन्न किलोच्या बाईला ६६ ते ८८ ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम, शंभर ग्रॅम बांगड्यात एकोणीसच्या आसपास. शाकाहारी घरात अळसांदे (चवळीचा प्रकार), मूग, दही, पनीर प्रत्येक जेवणात हवं, रात्री एकदम नव्हे. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरच ठरवतील.

पाणी आणि पोट

वय वाढलं की तहान उशिरा कळते. पळण्याआधी आणि नंतर वजन करा: एक किलो घटलं म्हणजे साधारण लिटरभर घाम गेला. वजन वाढलं असेल तर पाणी जास्त झालं, आणि नुसतं पाणी पीत राहिल्याने रक्तातलं सोडियम उतरणं हे कोरडं पडण्याइतकंच घातक आहे. ओआरएसची लिटरची पुडी लिटरभर पाण्यातच घाला. मीठ घातलेलं कोकम सरबतही मला मानवतं.

लांब पळताना तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. एका केळ्यात पंचवीसच्या आसपास असतात. गूळ, खजूर, उकडलेला बटाटा मीठ लावून, हे सगळं चालतं. शर्यतीच्या आदल्या दिवशी उकड्या तांदळाची पेज आणि लिंबाचं लोणचं. जे खायचं ते सरावात तीनदा तरी खाऊन पाहिलेलं असावं. आणि पळताना आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं घेऊ नका. घाम गेलेल्या शरीरात ती मूत्रपिंडावर ताण आणतात.

रानात जाताना

म्हादई आणि मोले ही अभयारण्यं आहेत; वनखात्याची परवानगी घेऊनच जा, एकट्याने कधीही नको. सत्तरी तालुक्यात माकडतापाचे रुग्ण आढळलेले आहेत. तो गोचीडांमुळे होतो आणि त्याचा हंगाम कोरड्या महिन्यांतला, म्हणजे नेमका आपल्या लांब सरावाचा. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पँट मोज्यात खोचा, पालापाचोळ्यावर बसू नका, घरी येऊन काखा, जांघा, गुडघ्यामागे नीट तपासा. त्यानंतर ताप आला तर रानात गेल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा.

शेवटचे तीन आठवडे

शेवटचा मोठा उतार शर्यतीच्या तीन आठवडे आधी. त्यानंतर दर आठवड्याला अंतर जवळपास निम्म्यावर आणा, पायरीचा व्यायाम शेवटच्या आठवड्यात बंद करा. बुटात अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी आणि नखं चार दिवस आधी कापलेली हवीत, नाहीतर उतारावर काळी पडतात. बुटाची नाडी घोट्याजवळ घट्ट आवळा म्हणजे पाय पुढे सरकत नाही.

शर्यतीतल्या पहिल्या उतारावर पुष्कळजण तुम्हाला मागे टाकून जातील. जाऊ द्या, मांडी दुपारसाठी राखायची आहे. छातीत दुखलं, जबड्यात किंवा हातात कळ आली, भोवळ आली, घाम येणं थांबून डोकं गरगरलं, तर तिथेच थांबून मदत मागा.

घरी आल्यावर दोन दिवस जिना उतरताना कठडा धरावा लागेल. एकच पोटरी सुजली किंवा लघवी काळ्या चहासारखी झाली तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. बाकी नुसतं दुखत असेल तर चालत राहा, पेज प्या, झोपा. ज्या सकाळी सर्वांत खालच्या पायरीवरून कठडा न धरता, तीन आकडे मोजत टाच टेकवता येईल, त्या दिवसापासून पुन्हा अर्धा तास चालायला हरकत नाही.