धरण डेंजर की नशा? मृत्यूचे सरकारी आकडे कसे वाचायचे

पावसाळा लागला की गावच्या ग्रुपवर एखादा तरी मेसेज येतोच, देशात नशेनं एवढे मेले अन् पाण्यात बुडून एवढे, म्हणजे गांजापेक्षा मजेसाठी धरणावर पोहायला जाणं डेंजर. आकडे बरेचदा खरे असतात राजेहो, बोंब असते ती त्यांची जोडी लावण्यात. तर असा मेसेज पुढे ढकलायच्या आधी काय काय पाहायचं ते सांगतो, मोबाईलवरच होते सगळं.

सगळ्यात आधी मूळ कागद गाठा. देशातल्या अपघाती मृत्यू अन् आत्महत्यांचा अहवाल एनसीआरबी काढते, म्हणजे केंद्रीय गृहखात्याचा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, पीडीएफ फुकट मिळते. २०२२ चा उघडा. अपघाती मृत्यू ४,३०,५०४, त्यात बुडून ३८,५०३ अन् ड्रग ओव्हरडोसनं ६८१. भागाकार केला की छप्पन पट येते, अन् मेसेजवाल्याचं काम तिथंच संपते. आपलं तिथून सुरू होते.

आता रकाना वाचा. बुडण्याच्या रकान्याखाली पोटभाग आहेत: नाव उलटून, चुकून पाण्यात पडून, अन् इतर. मजेसाठी पोहायला गेलेला असा वेगळा भागच नाही. धुणं धुताना पाय घसरलेली बाई, पुरात वाहून गेलेला शेतमजूर अन् रविवारी पार्टी करून खदानीत उडी मारलेलं पोरगं, तिघंही एकाच बेरजेत. मग हा आकडा "मौजमजेचे मृत्यू" म्हणून कसा काय वापरायचा?

ही नोंद होते कशी तेही समजून घ्या, नाहीतर आकडा आभाळातून पडल्यासारखा वाटते. आपल्याकडे पोलीस स्टेशनला मर्ग (अकस्मात मृत्यूची नोंद) दाखल होतो, पंचनामा होतो, बॉडी पीएमला जाते. बातमीत अन् कागदात वाक्य ठरलेलं असते, "पाण्याचा अंदाज न आल्याने बुडून मृत्यू". पोरगं पिऊन होतं का हे त्या वाक्यात कुठंच नसते. शंका आली तर डॉक्टर कारण राखून ठेवतात, व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, मिठाच्या पाण्याच्या बरणीत सीलबंद होऊन नागपूर नाहीतर अमरावतीच्या न्यायवैद्यक लॅबला जातो, अन् रिपोर्ट येईपर्यंत गावातल्या लोकांनी आपापलं कारण ठरवूनही टाकलेलं असते. रिपोर्टमध्ये दारू निघाली तरी तो माणूस ओव्हरडोसच्या रकान्यात जात नाही, बुडूनच मेलेला राहतो, अन् तसं पाहिलं तर चुकीचंही नाही.

म्हणून ६८१ हा आकडा एकटा वाचू नका, नशा बाकी कुठं कुठं लपली ते शोधा. त्याच अहवालाच्या दुसऱ्या भागात २०२२ मध्ये १,७०,९२४ आत्महत्या आहेत अन् त्यातल्या ६.८ टक्क्यांचं कारण नशा किंवा दारूचं व्यसन असं लिहिलेलं आहे, म्हणजे साडेअकरा हजारांच्या वर. ६८१ कुठं अन् हे कुठं! विषारी दारूचा रकाना वेगळा, पिऊन गाडी ठोकली तर ते रस्ते अपघातात, लिव्हर जाऊन मेला तर आजारात, म्हणजे अपघाताच्या पुस्तकात तो नाहीच. अन् आपला खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी-चुना घोटून केलेला तो? चंद्रपूर-गडचिरोलीकडं शाळेतल्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांच्या गालात असते ते, पण तोंडाच्या कॅन्सरनं गेलेला माणूस या यादीत कुठंच सापडणार नाही. माझ्या मते विदर्भात नशेच्या मृत्यूबद्दल बोलताना खर्रा सोडणं म्हणजे बोलणंच अर्धं सोडणं.

कारण मुळात नीट लिहिलं जाते का हाही प्रश्न आहे. डॉक्टरनं प्रमाणित केलेल्या मृत्यूकारणांचा वेगळा अहवाल जनगणनावाल्या महानिबंधकांकडून येतो, २०२० च्या अहवालात नोंद झालेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्क्यांनाच असं प्रमाणपत्र होतं. खेड्यात घरीच गेलेल्या माणसाचं कारण बहुतेक वेळा घरचे सांगतील ते.

दोन खात्यांचे आकडे जुळले नाही म्हणून लगेच घोटाळा घोटाळा ओरडू नका. २०२२ साली रस्त्यावरचे मृत्यू एनसीआरबीनं १,७१,१०० सांगितले अन् रस्ते वाहतूक मंत्रालयानं १,६८,४९१. फक्त एवढं करा की एका तुलनेत एकच खातं अन् एकच वर्ष ठेवा. परदेशातला आकडा असेल तर अजून जपून, इंग्लंड-वेल्समध्ये ड्रगच्या मृत्यूंचा वार्षिक आकडा मृत्यूची नोंदणी झाली त्या वर्षाचा असतो, तिथली कोर्टाची चौकशी लांबते म्हणून माणूस मेला एका वर्षी अन् मोजला गेला पुढच्या, असं सर्रास होते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कितीपैकी? ३८,५०३ बुडाले, पण पाण्यात उतरले किती? विहीर, नाला, कालवा, धरण, कोण मोजणार. नशेचा अंदाज तरी आहे, एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १० ते ७५ वयाच्या लोकांत दारू पिणारे १४.६ टक्के अन् भांग-गांजावाले २.८ टक्के निघाले. इंग्लंडात डेव्हिड नट नावाच्या प्रोफेसरनं २००९ मध्ये हाच हिशेब मांडला होता, घोड्यावर बसण्यात साधारण ३५० वेळांमागं एकदा गंभीर इजा अन् एक्स्टसी नावाच्या नशेच्या गोळीत साधारण १०,००० मागं एकदा. खूप गदारोळ झाला, त्याच वर्षी ऑक्टोबरात मंत्र्यानं त्याला सरकारच्या ड्रग सल्लागार समितीच्या अध्यक्षपदावरून काढलं. त्याचं पटो न पटो, पण निदान तो एका वेळेमागं किती असं विचारत होता. आपल्याकडं शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, किती जोड्या धावल्या अन् किती माणसं जखमी झाली हे एका कागदावर दाखवा मला, मग पटाचा धोका सांगतो.

जिल्ह्याचा आकडा पाहिजे असेल तर एनसीआरबीच्या शहरांच्या यादीत विदर्भातलं एकटं नागपूर आहे, बाकी राज्याची बेरीज. मग आरटीआय, म्हणजे माहिती अधिकाराचा अर्ज, करा. जोडपत्र 'अ' हा त्याचा नमुना, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, पत्ता जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयाचे जन माहिती अधिकारी. "बुडून किती मेले" असं मोघम विचारलं तर उत्तरही मोघमच येईल, म्हणून पोलीस स्टेशननिहाय, वर्षनिहाय, जागा कोणती (धरण, कालवा, विहीर, खदान) अन् व्हिसेरा किती प्रकरणांत राखला असं तुकड्या-तुकड्यानं लिहा. चंद्रपूरवाल्यांनी एक ध्यानात ठेवा, दारूबंदी १ एप्रिल २०१५ ला लागली अन् २०२१ मध्ये उठली, पण त्यातच लॉकडाऊन आहे, तर २०२० चं वर्ष कशाशीच लावू नका. नावं मागू नका, खाजगी माहिती म्हणून अर्जच अडकते, नुसते आकडे मागा. ३० दिवसांत काही आलं नाही तर जोडपत्र 'ब' भरून त्याच ऑफिसातल्या वरच्या साहेबाकडं पहिलं अपील टाका, त्याला २० रुपयांचं स्टॅम्प लागते, अन् पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.