खरखरतोय म्हणजे पॉटच गेला असं नाही: जुन्या गिटार पेडलची दुरुस्ती करताना या चुका टाळा

माझ्या टेबलावर येणारी निम्म्याहून जास्त जुनी पेडल्स (गिटारचा आवाज बदलणारे, पायाने चालवायचे डबे) आधी कुणीतरी ‘दुरुस्त’ केलेली असतात. मूळ बिघाड काढायला वीस मिनिटं पुरतात, आधीच्या माणसाने घातलेला घोळ निस्तरायला मात्र अख्खा रविवार जातो. पॉट (नॉबखालचा फिरता रोधक, पोटेन्शिओमीटर), नॉब, पायाचा स्विच, वाहचे (पायाने पुढेमागे झुलवायच्या पेडलचे) दाते. गोष्टी मोजून चार, आणि चुकाही त्याच त्याच. आता फोनवर लक्षणं ऐकली की समोरच्याने आधी काय करून ठेवलंय, ते मीच सांगतो.

स्प्रेचा अभिषेक

नॉब फिरवला की खरखर येते. मग दाराच्या बिजागरीसाठी आणलेला डब्ल्यूडी-४० चा डबा निघतो आणि पॉटवर अभिषेक सुरू होतो. बिजागरीला ते उत्तम. पॉटमध्ये मात्र ते तेल कार्बनच्या पट्टीवर बसून राहतं, धूळ धरतं आणि दांड्यातलं मूळ ग्रीस पातळ करून बाहेर काढतं. जुना नॉब फिरवताना बोटांना जो जडसर, मुरलेला हात लागतो तो त्या ग्रीसचा असतो. एकदा गेला की गेला. दोन दिवस आवाज स्वच्छ येतो, मालक खूश होतो, आणि पंधरा दिवसांनी दुप्पट खरखर घेऊन माझ्याकडे येतो.

पॉटसाठीचा कॉन्टॅक्ट क्लीनर वेगळा मिळतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला नाहीतर पुण्यात तापकीर गल्लीत विचारा, आणि तो प्लास्टिकला चालतो का, हे डब्यावर वाचून मगच पैसे द्या. आता मारायचा किती? मी तर थेट फवारतच नाही. बाटलीच्या टोपणात थोडा काढून घेतो आणि इन्सुलिनच्या सिरिंजने पॉटच्या पायांवरच्या फटीत दोन थेंब सोडतो. बॅटरी काढलेली असते. मग नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत तीस-चाळीस वेळा फिरवायचा, झाकण उघडं ठेवायचं आणि चहाला जायचं. लोक सिरिंज बघून हसतात. हसू देत.

सीलबंद पॉटला फट नसते. म्हणून एका उत्साही मुलाने ड्रिलने भोक पाडून आत स्प्रे मारला होता. तो पॉट माझ्या खणात जपून ठेवलाय. ड्रिलच्या टोकाने कार्बनवर असा चरा गेलाय की नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी तो दाखवतो.

डीसी न मोजता पॉट बदलणे

या चुकीवर माझा खास राग आहे.

सांगलीकडच्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणारे एक काका आले होते. सत्तरच्या दशकातलं अमेरिकन डिस्टॉर्शन पेडल, भावाने तिकडून आणलेलं. आउटपुटचा नॉब खरखरत होता. पुतण्या डिप्लोमावाला, त्याने पॉट बदलला. खरखर तशीच. पॉट हलक्या प्रतीचा असेल म्हणून दुसरा घातला. मग ऑनलाइन मागवून तिसरा, महागातला. एव्हाना बोर्डावरचं तांबं दोन ठिकाणी उचकटलेलं, तिथे वायरचे तुकडे जोडलेले, आणि मूळ पॉट कचऱ्यात. काकांनी पेडल टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, “बघा जमतंय का, नाहीतर शोकेसमध्ये ठेवून देतो.”

मी बॅटरी लावली, मल्टीमीटर डीसी व्होल्टवर घेतला, काळी तार चासीला आणि लाल तार आउटपुट पॉटच्या बाहेरच्या पायाला टेकवली. तिथे शून्य दिसायला हवं. दिसले ०.१८.

पॉटच्या दोन टोकांमध्ये असा डीसी, म्हणजे एकाच दिशेचा स्थिर व्होल्टेज, असला की नवाकोरा पॉटसुद्धा खरखरतो. वायपर, म्हणजे पॉटमधला सरकता संपर्क, कार्बनवरून सरकताना जरा कुठे उडाला की त्या डीसीची पातळी झटक्याने बदलते, आणि तोच झटका अँपमधून ऐकू येतो. तो आला कुठून? नऊ व्होल्टच्या पेडलमध्ये ऑप-अँपच्या (सिग्नल वाढवणाऱ्या चिपच्या) आउटपुटला साधारण निम्मे, म्हणजे साडेचार व्होल्ट डीसी कायम असतात. ते अडवून फक्त सिग्नल पुढे सोडायचा, हे मधल्या कंडेन्सरचं काम. हा कंडेन्सर चाळिशी उलटलेला, १ मायक्रोफॅरडचा, गळायला लागला होता. दोन चहांच्या किमतीचा फिल्म कंडेन्सर घातला आणि नॉब गप्प झाला.

“पण खरखर तर नॉब फिरवल्यावरच येत होती ना?” पुतण्याने विचारलं. अगदी बरोबर. म्हणूनच सगळे फसतात.

डीसी मोजणं अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पॉटला हात लावण्याआधी करा. एक अपवाद ध्यानात ठेवा. काही पेडल्समध्ये पॉटमधून डीसी जाणं हा मूळ रचनेचाच भाग असतो. लंडनच्या आर्बायटरने १९६६ मध्ये काढलेल्या फझ फेसमध्ये फझचा १ किलोओहमचा पॉट दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या एमिटरला बसतो. तिथे व्होल्ट दिसणारच, आणि थोडी कुरकुर ऐकू आली तर ती त्याच्या वयाला शोभते.

काढायचाच असेल तर

पॉट मेलाय याची खात्री झाली तर तिन्ही पाय एकदम गरम करून ओढू नका. जुन्या बोर्डावरचं तांबं कागदासारखं सुटतं. बारीक कटरने पाय एकेक करून कापा, पॉट बाजूला घ्या, मग उरलेला एकेक तुकडा सोल्डरिंग आयर्नने सैल करून चिमट्याने उचला. आयर्न तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवून ठेवायचा नाही. नाहीच सुटलं तर थांबा, ताजं सोल्डर घाला, थंड होऊ द्या, परत या. ‘कार्यक्रम आज संध्याकाळी आहे’ म्हणणाऱ्याचं पेडल मी उघडतच नाही, कारण त्या घाईत माझाही हात तीनाचे सहा सेकंद करतो.

काढलेला पॉट पिशवीत घालून मालकाला परत द्या. पाठीवर १३७७५२३ असा आकडा असेल तर १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, ७५ म्हणजे १९७५ आणि २३ म्हणजे त्या वर्षाचा तेविसावा आठवडा. पेडल त्याआधीचं असू शकत नाही, एवढं तरी त्यावरून कळतं. विकायची वेळ आली की हा आकडा बोलतो.

नवीन घेताना नुसतं ‘१०० के’ (शंभर किलोओहम) सांगून दुकानदाराकडून काहीही उचलू नका. पॉट मध्यावर ठेवून पहिल्या आणि मधल्या पायात ओहम मोजा. लिनियर (एकसारखा वाढणारा) असेल तर पन्नास के च्या आसपास, लॉग (आधी हळू, मग भराभर वाढणारा) असेल तर दहा-पंधरा, उलटा लॉग असेल तर पंचाऐंशी-नव्वद. पाठीवरच्या अक्षरावर विसंबू नका. आपल्याकडे मिळणाऱ्या पॉटवर ए म्हणजे लॉग आणि बी म्हणजे लिनियर, पण जुन्या युरोपियन पॉटवर ए म्हणजे लिनियरही निघतो. एमएक्सआर कंपनीच्या फेज ९० पेडलमध्ये स्पीडच्या नॉबला ५०० के चा उलटा लॉग लागतो. तिथे लिनियर बसवलात की सगळे जलद वेग नॉबच्या शेवटच्या कोपऱ्यात गर्दी करतात, आणि लोक म्हणतात ‘पेडलचा जीवच गेला’.

झिजलेल्या पट्टीवर पेन्सिल घासायचा जुगाड दोन कार्यक्रम चालतो. मूळ पॉट वाचवायचाच असेल तर मागचे चार कान हलकेच उघडून वायपरची बोटं केसभर बाजूला वाकवा, म्हणजे ती कार्बनच्या न झिजलेल्या भागावरून धावतील. हे काम रात्री अकरानंतर करू नका.

किरकोळ, पण रोजचं

नॉब निघत नाही म्हणून खाली स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, रंग उडतो आणि बुशही वाकतो. बाजूला बारीक स्क्रू आहे का ते आधी बघा. नसेल तर पायजम्याची नाडी नॉबखाली गुंडाळून दोन्ही हातांनी सरळ वर ओढा.

नट पक्कडीने आवळू नका, बॉक्स पाना घ्या. आणि सैल नट तसाच सोडू नका. पॉट जागेवर फिरतो आणि मागच्या तारा तुटतात.

पायाचा नवीन स्विच बसत नाही म्हणून जुन्या डब्याचं भोक मोठं करणाऱ्याशी मी बोलत नाही.

वाह: साधा पॉट चालत नाही

वाहमधला पॉट १०० के चा असतो, तेवढं वाचून लोक साधा १०० के घालतात. साध्या पॉटचं आयुष्य दहा-पंधरा हजार फेऱ्यांचं. चार मिनिटांच्या गाण्यात मिनिटाला शंभर वेळा पाय हलला तर चारशे फेऱ्या झाल्या, म्हणजे पंचवीस ते अडतीस गाण्यांत पॉटचं आयुष्य संपलं. त्यात वाहचा पॉट पूर्ण कधी फिरतच नाही, ठराविक कमानीतच मागेपुढे घासतो, त्यामुळे तोच पट्टा खरवडला जातो. इटलीत बनलेल्या जुन्या व्हॉक्स वाहमधल्या आयकार पॉटचा चढ साध्या लॉगसारखा नव्हता, एस आकाराचा होता. म्हणून वाहसाठीच बनवलेला पॉट मागवा, आठवडा थांबावं लागलं तरी.

पॉट फिरवणारी दात्यांची पट्टी काढण्याआधी पॉटच्या चाकाचा एक दाता आणि त्याला लागलेला पट्टीचा दाता, दोन्हींवर ठिपका द्या. मी नेलपॉलिश वापरतो, मार्कर पुसला जातो. ठिपके न देता उघडलं असेल तर बसवल्यावर पायाने दाबू नका. आधी हाताने पेडल टाचेकडे पूर्ण, मग बोटांकडे पूर्ण न्या. दोन्ही टोकांना पेडल आपल्या रबरावर टेकलं पाहिजे आणि पॉट अजून थोडा फिरायला शिल्लक असला पाहिजे. पॉट आधी अडला तर एक दाता सरकवून परत बघा. तसंच ठेवून वर उभे राहिलात तर सगळं वजन पॉटच्या आतल्या इवल्याशा अडसरावर येतं, आणि तो मोडल्याचा ‘टक्’ आवाज अँप बंद असतानाही ऐकू येतो.