आधी धडा, मग वेबसाइट

'मुलांसाठी उपयुक्त पन्नास वेबसाइट' अशा याद्या मी वर्षानुवर्षे जपून ठेवल्या. त्यातल्या वर्गात वापरल्या जेमतेम चार. चूक याद्यांची नव्हती, मी उलट्या टोकाकडून सुरुवात करत होतो.

१. मुलं कुठे अडतात ते लिहा. 'गणित' एवढं लिहून भागत नाही. 'छेद मोठा म्हणजे अपूर्णांक मोठा असं वाटतं' इतकं नेमकं हवं.

२. त्या अडचणीपुरती एकच साइट घ्या. गणित-विज्ञानासाठी माझी पहिली पसंती फेट (PhET) ही साइट. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी कोलोरॅडो बोल्डर विद्यापीठात २००२ साली हा प्रकल्प सुरू केला. सगळं मोफत, खातं उघडायची गरज नाही, आणि बरीच सिम्युलेशन्स, म्हणजे स्क्रीनवर करून बघायचे प्रयोग, मराठीतही आहेत.

त्यातलं फळीच्या तोलाचं सिम्युलेशन घ्या. एका टोकाला १० किलोची वीट ठेवा आणि विचारा, दुसऱ्या बाजूला २० किलोची वीट कुठे ठेवली तर फळी आडवी राहील? आधी सगळ्यांचा अंदाज घ्यायचा, मगच फळी धरून ठेवणारे टेकू काढायचे. बरीच मुलं दुसऱ्या टोकाकडेच बोट दाखवतात. फळी कलते, हशा पिकतो. दोन-तीन प्रयत्नांनी कुणीतरी ओरडतं, "निम्म्या अंतरावर ठेवा!" तोवर आपण गप्प राहायचं. हे फार जड जातं, अनुभवाने सांगतो.

वाचनासाठी प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेचं स्टोरीवीव्हर आहे. २०१५ पासून चालू आहे, मराठी गोष्टी भरपूर, आणि पुस्तकं चार पातळ्यांत लावलेली. पातळी इयत्तेवरून ठरवू नका, मूल कुठे अडखळतं ते ऐकून ठरवा. कोडिंगसाठी अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात तयार झालेलं स्क्रॅच. ते ८ वर्षांपासून पुढच्या मुलांसाठी आहे, ५ ते ७ वयाला स्क्रॅच ज्युनिअर हे अ‍ॅप बरं. अवकाशाबद्दल प्रश्न विचारणारी मुलं असतील तर नासाचं स्पेस प्लेस. इंग्रजीत आहे, म्हणजे सांगायचं काम तुमचं.

३. आधी स्वतः दहा मिनिटं खेळा, तेही मुद्दाम चुका करत. डोळे मिटून कुठेही क्लिक केलं तरी तारे आणि टाळ्या मिळत असतील, तर ती साइट सोडून द्या. मुलांना हे आपल्या आधी कळतं! जाहिराती मध्येच उगवतात का, मुलाचं नाव किंवा ईमेल मागतात का, हेही बघा. स्क्रॅचवर खातं न उघडताही काम करता येतं आणि फाइल कॉम्प्युटरवर सेव्ह होते.

४. नेट बंद पडणार असं धरूनच चला. फेटची सिम्युलेशन्स आणि स्टोरीवीव्हरची पुस्तकं आदल्या दिवशी डाउनलोड करून ठेवा.

५. स्क्रीन एकच असेल तर एक मूल माऊसवर बसवा. त्याने स्वतःच्या मनाने काही करायचं नाही, वर्ग सांगेल तेच. दर दोन मिनिटांनी माणूस बदला.

६. पंधरा-वीस मिनिटांत स्क्रीन बंद करा आणि तेच बाकावर करायला द्या. तोलासाठी पट्टी, खाली आडवी पेन्सिल आणि एकसारखी नाणी पुरतात. पट्टीवर आकडे असतातच, त्यामुळे अंतर मोजायचा प्रश्न नाही. पट्टी मात्र स्क्रीनवरच्या फळीसारखी शहाण्यासारखी थांबत नाही, सारखी घसरते. मग मुलं विचारतात, "सर, तिथे थांबत होती, इथे का नाही?" पुढचा तास त्या प्रश्नाला द्या.