मॅग्नेटिक बेअरिंगवरच्या मशीनची व्हायब्रेशन टेस्ट: या चुका टाळा

केसिंगवर अ‍ॅक्सिलरोमीटर चिकटवला, रीडिंग घेतलं, आकडा कमी आला, रिपोर्टवर सही झाली. मॅग्नेटिक बेअरिंगच्या कॉम्प्रेसरवर सगळ्यात जास्त फसवते ती हीच सवय. हे बेअरिंग रोटरला, म्हणजे फिरणाऱ्या भागाला, चुंबकाने न शिवता तरंगत ठेवतं आणि बॉल बेअरिंगच्या मानाने बरंच मऊ असतं. रोटर आत भरपूर हलला तरी केसिंगपर्यंत फारसं बल पोचत नाही. त्यात चुंबकांचा करंट ठरवणाऱ्या कंट्रोलरचा अनबॅलन्स फिल्टर चालू असेल तर तो फिरण्याच्या फ्रिक्वेन्सीचा करंट जवळजवळ काढूनच टाकतो. केसिंग शांत, रोटर मात्र तेवढाच असंतुलित! फिल्टर चालू होता की बंद, हे ज्या रिपोर्टमध्ये नाही तो मी तरी बाजूला ठेवतो.

पाहायचं ते रोटरचं विस्थापन, तेही टचडाउन बेअरिंगच्या (रोटर तरंगायचा थांबला तर त्याला झेलणाऱ्या बेअरिंगच्या) गॅपशी ताडून. अशा मशीनच्या कंपनांसाठीचं मानक आयएसओ १४८३९, त्याच्या दुसऱ्या भागाप्रमाणे नव्या मशीनमध्ये ते किमान गॅपच्या ०.३ पटीच्या आत असावं. ०.४ पटीपुढे मशीन फार काळ चालवायचं नाही आणि ०.५ च्या वर नुकसानीची भीती. गॅप ०.२५ मिमी असेल तर हे आकडे ७५, १०० आणि १२५ मायक्रॉन. मोजमाप गॅपच्या मध्यापासून करायचं. पीक-टू-पीक (एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची हालचाल) निम्मं करून चालत नाही, कारण रोटर मध्यापासून सरकलेला असेल तर ते सरकणंही यात धरावं लागतं. म्हणून मशीन थांबलेलं असताना रोटर सगळ्या बाजूंनी टचडाउन बेअरिंगला हळूच टेकवून खरा मध्य शोधा; सेन्सरच्या शून्यावर विसंबू नका. हळू फिरवून रनआऊटही (रोटरच्या पृष्ठभागाच्या वाकडेपणामुळे दिसणारी खोटी हालचाल) नोंदवून ठेवा.

दुसरी चूक स्थिरतेबाबतची. थांबलेल्या, तरंगत्या रोटरवर हॅमर टेस्ट केली, म्हणजे हातोडीने हलकेच ठोकून पाहिलं, कंप पटकन विरले, म्हणजे झालं असं नाही. वेग वाढला की जायरोस्कोपिक परिणामाने (फिरण्यामुळे येणाऱ्या बलांमुळे) बेंडिंग मोड, म्हणजे रोटरची वाकून थरथरण्याची स्वाभाविक पद्धत, दोनात फुटतो; एकाची फ्रिक्वेन्सी वर सरकते, दुसऱ्याची खाली. थांबलेल्या मशीनवर यातलं काहीच दिसत नाही. त्यामुळे सेन्सिटिव्हिटीची (कंट्रोलरचा लूप अस्थिरतेच्या किती जवळ आहे ते सांगणाऱ्या आकड्याची) मोजणी चालू वेगावरही घ्या. त्याच मानकाच्या तिसऱ्या भागानुसार तिचा शिखरबिंदू नव्या मशीनला ३ च्या, म्हणजे साधारण ९.५ डेसिबलच्या, आत हवा. पाचही अक्ष मोजा, सरासरी काढू नका. सगळ्यात वाईट अक्ष धरा. मोजणीसाठी लूपमध्ये सोडलेला सिग्नल मोठा झाला तर अ‍ॅम्प्लिफायर सॅच्युरेट होतो आणि आलेख खोटा येतो. सिग्नल निम्मा करून पाहा, आलेख तोच राहिला तर ठीक.

रोटर नुसता तरंगत असतानाच बारीक शिट्टी ऐकू येते? लगेच कंट्रोलरचा गेन (प्रतिसादाचा जोर) कमी करायला धावू नका. आधी फाउंडेशन बोल्ट आणि स्किड (मशीनखालची चौकट) तपासा. हलक्या टेस्ट स्टँडचा स्वतःचा मोडही कंट्रोलरच्या लूपमध्ये शिरतो. स्टँडला तात्पुरता आधार दिल्यावर शिट्टीचा सूर बदलला तर दोष स्टँडचा. नाही बदलला तर रोटरच्या बेंडिंग मोडकडे वळा आणि त्या मोडचा नोड (वाकताना न हलणारा बिंदू) सेन्सर व मॅग्नेट यांच्या दरम्यान पडतोय का ते पाहा. तसं असेल तर कंट्रोलर त्या मोडला उलट्या दिशेने ढकलत असतो.