खिडकीची ऑर्डर देण्याआधी पुठ्ठा फिरवून बघा

सरकती खिडकी जागा अडवत नाही, पण दोन झडपांची असेल तर उघडते अर्धीच. म्हणून सगळ्या घराला एकच प्रकार नको.

१. झडपेच्या मापाचा पुठ्ठा कापून चौकटीच्या कडेला धरा आणि दारासारखा फिरवा. कपाट, पडदा, बाहेरची ग्रिल, कशालाच अडला नाही तर बिजागरीची खिडकी घ्या. वारा पूर्ण येतो. बेडरूमला हीच.

२. ओट्यावरच्या खिडकीत पुठ्ठा बहुतेक नळाला अडतो. तिथे सरकती.

३. बाथरूमला तिरप्या काचपट्ट्यांची. एक्झॉस्ट फॅनची जागा आधीच सोडायला सांगा.

सरकतीला मच्छरजाळी हवी असेल तर तीन ट्रॅकची सांगा. पावसाच्या बाजूला मात्र खालच्या ट्रॅकला बाहेरून पाणी जायची भोकं आहेत ना, ते बघूनच पैसे द्या. नाहीतर जुलैत पाणी थेट गादीवर.