रातांबे वाया जाऊ नयेत म्हणून: अमृत कोकम, आगळ, आमसूल आणि मुठेल

कोकमाच्या झाडाखाली दर जूनला फळांचा जो लाल चिखल होतो, तो बराचसा टाळता येतो. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, एप्रिलपासून पिकायला लागतात, पण मोठा माल मेच्या शेवटाला आणि जूनमध्ये एकदम तयार होतो, आणि नेमका तेव्हाच पाऊस येऊन थडकतो. घरोघरी रातांबे म्हणजे आमसूल (वाळवलेली साल) हे समीकरण इतकं पक्कं, की ऊन गेलं म्हणजे हंगाम संपला असंच धरलं जातं. खरं तर विभागणी सरळ आहे. कडक ऊन असेतो आमसूल घाला. आभाळ भरून यायला लागलं की अमृत कोकम (साखरेतलं सिरप) आणि आगळाकडे (मिठातला रस) वळा. या दोन्हींना ऊन लागत नाही.

नवी लागवड करणाऱ्यांनी दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण अमृता’ ही जात बघावी. तिची बहुतेक फळं पावसाआधी हाती येतात आणि साल जाड असते. रोपं कलमाचीच घ्या. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, आणि बियांपासून लावलेल्या झाडांतली साधारण निम्मी नर निघतात. ते कळायला सहा-सात वर्षं जातात.

फळ कसं हवं

पूर्ण लाल ते जांभळट, पण दाबल्यावर टणक. अर्धकच्च्या फळाच्या सालीतून पिवळा चीक येतो. तो सुरीला आणि हाताला चिकटतो आणि सरबताला तुरट-कडवट चव देतो. अशी फळं दोन-तीन दिवस टोपलीत पसरून पिकू द्या. झाडाखाली पडलेली फळं त्याच दिवशी उचलली आणि साल फुटलेली नसली तर चालतात. फुटलेल्यांत माती आणि किडे शिरलेले असतात, ती बाजूला काढा.

फळं अख्खी असतानाच धुवा, पुसा आणि दोन-तीन तास पंख्याखाली पसरून ठेवा. चिरल्यावर पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. सरबत फसफसण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे सालीच्या ओल्या वाट्या, ओली बरणी नाही तर ओला चमचा.

भांड्यांचंही पथ्य आहे. कोकमाचा रस लिंबाच्या रसाइतकाच, किंबहुना जास्तच आंबट असतो. ॲल्युमिनियम, लोखंड आणि बिनकल्हईचं तांबं-पितळ अजिबात नको. धातू रसात उतरतो आणि रंग काळपटतो. काच, चिनीमाती किंवा खाद्यपदार्थांसाठीचं जाड प्लास्टिक उत्तम. स्टील चिरायला आणि गाळायला चालेल, पण मीठ घातलेलं आगळ आठवडाभर त्यात ठेवू नका, हलक्या स्टीलला खड्डे पडतात.

अमृत कोकम

दोन किलो फळांतून साधारण एक किलो साल निघते. १ किलो सालीला २ किलो साखर हे प्रमाण धरा. साखर खूप वाटते म्हणून दीड किलोवर येण्याचा मोह होतो, तो आवरा. इथे साखर गोडीपुरती नाही, टिकवायचं कामही तीच करते. पाक पुरेसा दाट नसला की त्यात यीस्ट वाढतं, चार-सहा दिवसांत फेस येतो आणि दारूसारखा वास सुटतो.

फळ मधोमध चिरून दोन वाट्या करा. गर आणि बिया बोटाने काढून वेगळ्या पातेल्यात ठेवा, त्या आमसुलाला आणि तेलाला लागणार आहेत. बरणीच्या तळाला साखरेचा थर, त्यावर साखर भरलेल्या वाट्या, मग पुन्हा साखर, असं भरत या आणि वरचा थर साखरेचा जाड ठेवा. बरणी पाऊण भागच भरा. तोंडाला फडकं बांधा.

दुसऱ्या दिवशी तळाला गडद लाल रस दिसू लागतो आणि सगळा माल खाली बसतो. रोज एकदा कोरड्या लाकडी डावाने तळापासून ढवळा. वर तरंगणाऱ्या वाट्या रसाबाहेर राहिल्या तर आधी त्यांनाच बुरशी धरते. सात-आठ दिवसांत साखर विरघळते. नाहीच विरघळली तर बरणी कोमट पाण्याच्या टोपात तासभर ठेवा. गॅसवर उकळू नका. उकळलं की लाल रंग तपकिरी होतो आणि काढ्यासारखी चव येते. बरणी उन्हात ठेवायची जुनी रीत साखर लवकर विरघळवते हे खरं, पण काचेच्या बरणीवर थेट ऊन पडलं की रंग उतरतो. उन्हात ठेवायचीच तर चिनीमातीची ठेवा.

स्टीलच्या बारीक चाळणीतून सिरप आपोआप गळू द्या. पिळलं तर गढूळ होतं. उरलेल्या गोड वाट्या फेकू नका. वाळवून मुलांना तशाच देता येतात, किंवा आमटीत गूळ आणि आमसूल या दोन्हींच्या जागी दोन-तीन टाकता येतात.

घरापुरतं असेल तर बाटल्या वीस मिनिटं पाण्यात उकळून पूर्ण वाळवा, सिरप त्यांत भरा आणि फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर ठेवायचं किंवा विकायचं असेल तर दर किलो सिरपला ०.६ ग्रॅम सोडियम बेंझोएट (टिकवण्यासाठीचं रसायन), आधी चमचाभर कोमट पाण्यात विरघळवून, शेवटी मिसळा. हे अंदाजाने चिमटीत घ्यायचं काम नाही. ग्रॅमचे भाग दाखवणारा छोटा काटा लागतोच. लोणची-स्क्वॅशसाठी अनेकांकडे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट असतं, ते इथे वापरू नका. त्यातून निघणारा सल्फर डायऑक्साइड कोकमाचा लाल रंग उडवतो आणि सिरप फिकट पडतं. विक्रीसाठी एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेची नोंदणी लागते आणि बेंझोएट घातल्याचं लेबलवर लिहावं लागतं.

प्यायला एक भाग सिरप, पाच भाग पाणी, चिमूटभर मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. मीठ-जिरं सिरपमध्येच घालून ठेवणारेही आहेत, पण जिऱ्याचा वास दोन महिन्यांत शिळा होतो. ते पेल्यातच घातलेलं बरं.

आगळ

साखरेच्या जागी मीठ. १ किलो सालीला १५० ते २०० ग्रॅम जाडं मीठ. फ्रिजमध्ये ठेवणार असाल तर १५० पुरे, बाहेर ठेवायचं तर २०० घ्या. बाकी कृती तीच: थर, रोज ढवळणं, आठवड्याने गाळणं. इथे मात्र वाट्या दाबून पिळायला हरकत नाही. मधेच ऊन मिळालं तर पिळलेल्या वाट्या वाळवून रोजच्या आमटीला वापरता येतात.

एका नारळाच्या दुधाच्या सोलकढीला तीन-चार मोठे चमचे आगळ घाला, चव बघा आणि मगच मिठाला हात लावा. आगळ घातल्यावर कढी गॅसवर ठेवली की फाटते.

आमसूल

गर-बियांच्या पातेल्यात दर किलोला १०० ग्रॅम मीठ घालून हाताने कुस्करा आणि तासाभराने रस गाळून घ्या. वाट्या उन्हात एक दिवस सुकवा, संध्याकाळी या रसात बुडवा, सकाळी काढून पुन्हा उन्हात. हे झालं एक पूट. अशी तीन ते पाच पुटं द्या. पूट न देता नुसत्या वाळवलेल्या साली फिक्या, कडक राहतात आणि पावसाळ्यात बुरशी धरतात. मीठ आणि आंबटपणा आत मुरला तरच आमसूल वर्षभर टिकतं. तयार आमसूल चामड्यासारखं वाकतं, दाबलं तर रस सुटत नाही. कडकन मोडलं तर जास्त वाळलंय.

मधेच ढग आले तर ओल्या वाट्या रचून ठेवू नका, एका रात्रीत बुळबुळीत होतात. ड्रायर असेल तर ५० ते ६० अंशांवर लावा. नसेल तर तो घाणा सरळ मीठ घालून आगळात वळवा.

तब्येतीचं काय

सालीचा लाल रंग अँथोसायनिनचा, शिवाय तिच्यात गार्सिनॉल आणि हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल असतं. गार्सिनॉलचे अँटिऑक्सिडंट गुण प्रयोगशाळेत दिसले आहेत. हायड्रॉक्सीसिट्रिक आम्लाने वजन उतरतं ही जाहिरात मात्र माणसांवरच्या अभ्यासांत फारशी टिकलेली नाही, आणि गार्सिनिया (कोकमाच्या कुळातली झाडं) च्या अर्काच्या गोळ्यांनी काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. आमटीतलं आमसूल ही वेगळी गोष्ट. गोळ्यांच्या नादी लागू नये. अंगावर पित्त उठलं की आमसुलाचं पाणी चोळायची रीत कोकणात जुनी आहे, गारवा वाटतोही. पण ओठ-चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर आमसूल शोधत बसू नका, दवाखाना गाठा.

हिशोब सांगायचा तर वरच्या प्रमाणाच्या २०० मिली सरबतात जवळजवळ ३० ग्रॅम साखर जाते, म्हणजे सहा-सात छोटे चमचे. मधुमेह असलेल्यांनी हे आरोग्यपेय समजून पिऊ नये. रक्तदाब असेल तर आगळ जपून. दोघांनाही सोयीचा मार्ग म्हणजे चार-पाच आमसुलं धुऊन अर्धा तास पाण्यात भिजवायची, ते पहिलं खारट पाणी ओतून द्यायचं, दुसऱ्या पाण्यात कुस्करून जिरं घालून प्यायचं.

बियांचं तेल

रस गाळून उरलेल्या बिया राखेने चोळून धुवा, म्हणजे बुळबुळीत गर सुटतो. आठ-दहा दिवस खडखडीत वाळवा. हलवल्यावर आतला गर वाजला पाहिजे. पाऊस सुरू झाला असेल तर वाळवण चुलीवरच्या माळ्यावर. मग वरवंट्याने हलकेच फोडा, टरफलं सुपाने पाखडा आणि गर बारीक कुटा.

एक भाग कुटाला चार भाग पाणी घालून मंद आचेवर दीड-दोन तास उकळा, तळ खरवडत राहा. रात्रभर तसंच निवू द्या. सकाळी वर पांढुरका घट्ट थर आलेला असतो. तो उचलून पुन्हा मंद गरम करा. तडतड थांबली म्हणजे आतलं पाणी गेलं. ही पायरी घाईत उरकली तर तेलाला महिनाभरात खवट वास येतो. फडक्यातून गाळा आणि गोठता गोठता मुठीत दाबून गोळे वळा. हेच मुठेल. कोकणच्या उन्हाळ्यातही ते सहसा घट्टच राहतं, अंगाच्या उष्णतेच्या आसपास मऊ पडतं. म्हणून भेगाळलेल्या टाचांना लावताना आधी पळीत कोमट करून घ्यावं लागतं. गोळे कागदात गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवा. उकळून उरलेला चोथा झाडाच्या आळ्यात टाका.